चार मिनिटं रिकामा गोल

तीन गोल खाल्ले मी.
पहिला दोन पॅडांच्या फटीतून,
दुसरा आमच्याच ऋणालीच्या स्टिकला लागून,
तिसऱ्याला कुणाचं नाव घेऊ?
चेंडू दिसला होता. झेपावलो. मागं फळीवर
ठक्क.
गोलीला ओळखीचा असतो तो आवाज,
आपण बाहेर असताना कुणी आतून कडी घालावी, तसा.

पुण्याच्या पोरी सुरुवातीलाच हसल्या होत्या,
मी "आलो" म्हणालो म्हणून.
आमच्याकडं पोरीही आलो-गेलोच म्हणतात, बाई.
हसा. फलक तुमच्याच बाजूचा आहे.

तिसरा क्वार्टर संपला. इंगवले सर ओरडले नाहीत.
गुळाचा एकेक खडा ठेवला प्रत्येकीच्या हातावर.
बिल्कीसचा रोजा. तिनं तिचा खडा माझ्याकडं दिला,
"मगरीबला दे. हरवू नको."
मी तो बाटलीच्या टोपणात ठेवला, जाळीमागं,
आणि उभा राहिलो बारा फुटांत.

मग काय झालं, मला लांबूनच ठाऊक.
गोलीला आपले गोल पाठमोरे दिसतात:
दीपांजलीची वेणी उडाली, टर्फवरचं पाणी उडालं,
पलीकडं सगळ्या एकमेकींवर पडल्या. एक.
पाच मिनिटांनी पुन्हा वेण्या, पुन्हा पाणी. दोन.
भिंतीबाहेर उसाची ट्रॉली थांबलेली,
ड्रायव्हर मोळ्यांवर चढून बोंबलत होता, "मार की गं! कुणाची वाट बघतीस?"

चार मिनिटं उरली.
सरांनी हात हलवला. मला वाटलं, पुढं सरक म्हणतायत.
"बाहेर ये!"
माझ्या जागी ऋतुजा आत, हलक्या बुटांत, हातात स्टिक,
अकरावी खेळणारी.
गोलात कुणीच नाही.

पॅड घालून पळता येत नाही, बदकासारखा आलो बाकावर.
डाव्या पॅडची वादी बाबांनी शिवलेली,
चपलेला घालतात तीच, तोच दोरा, तेच टाके.
ती मी बोटानं धरली,
आणि पहिल्यांदाच बाजूनं बघितला आपला गोल.
किती मोठा असतो तो!
बैलगाडी जाईल आतून.

आणि सुटली त्यांची सात नंबर.
मधे कुणी नाही, पुढं कुणी नाही, नुसती जाळी.
मी उठलो. ओरडलो नाही, आवाजच नव्हता.
दिवसभर पाणी न प्यायलेली बिल्कीस
कुठून आली, सांगता येत नाही,
मागून आली, बाजूनं आली, आडवी टाकली स्टिक जमिनीलगत,
चेंडू तेवढा उचलला, पायाला धक्का नाही.
शिट्टी वाजली नाही.
शिट्टी वाजली नाही!

तोच चेंडू तिकडं कॉर्नर घेऊन आला.
ऋणालीनं स्टॉप केला, दीपांजलीनं हाणला,
ठक्क.
तीन-तीन. या वेळी आवाज गोड वाटला.

मी हेल्मेट चढवलं. "सर, जाऊ?"
"बस खाली."
"बरोबरी झालीया सर!"
"म्हणूनच बस."

शेवटचा मिनिट मी बघितला नाही.
वादीचे टाके मोजत होतो, सतरा.
अठराव्याला ट्रॉलीचा हॉर्न वाजला, तो थांबेचना,
तेव्हा कळलं.
ऋतुजानं मारला म्हणे, एका हातानं, पडता पडता.

लई नाचलो. उसाच्या कांड्या भिंतीवरून आत आल्या.
मग अजान झाली, आणि बिल्कीस म्हणाली, "माझा खडा?"

जाळीमागं गेलो.
गोल तसाच, तेवढाच रुंद.
मी होतो तेव्हा तीन,
नव्हतो तेव्हा एकही नाही.
याचं काय करायचं, मला अजून कळलेलं नाही.
टोपणातल्या खड्याला मुंग्या लागलेल्या.
चार मिनिटांत माझ्या गोलात तेवढ्याच शिरल्या.

बिल्कीसनं फुंकर मारली,
अर्धा तोडला,
अर्धा माझ्या हातमोज्यावर ठेवला.